अडीच फुटांचा मुलूख

दोन रुळांमध्ये किती अंतर असावे, हा प्रश्न वरकरणी मोजणीदाराच्या साखळीचा आणि इंजिनियराच्या आराखड्याचा वाटतो. परंतु ज्या राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात आगगाडी आणली, ज्या कंपन्यांनी तिच्यात भांडवल गुंतविले आणि ज्या रयतेच्या शेतांतून तिचा भराव गेला, त्या सर्वांचे भवितव्य या एका अंतराशी बांधले गेले होते, हे जुने दफ्तर थोडे चाळले तरी ध्यानात येते. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत साडेपाच फुटांचे रुंद माप मुक्रर झाले, १८५३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी त्याच मापावर धावली, आणि पुढे सह्याद्रीचे घाट ओलांडून त्याच मापाचे रूळ देशावर पसरले. हा रुंद मार्ग मोठ्या बंदरांचा, मोठ्या छावण्यांचा आणि मोठ्या पेठांचा होता. पण त्या राजमार्गापासून वीस-पंचवीस मैल आत असलेल्या, ज्वारी-कापसाने समृद्ध आणि तरीही पावसाळ्यात चिखलाने अडविल्या जाणाऱ्या एखाद्या कसब्यासाठी इतका अवजड मार्ग बांधणे कोणत्याही जमाखर्चात बसत नव्हते. आणि अशा कसब्यांच्या वाट्याला जी गाडी आली, ती अडीच फुटांच्या, क्वचित दोनच फुटांच्या अरुंद रुळांवरून आली.

या अरुंद मार्गाची एक लहान प्रतिकृती शनिशिंगणापूरच्या माझ्या राहत्या घरात मी उभारीत आहे. आमच्या नेवासे तालुक्यात आजवर रेल्वे आलेली नाही. दौंड-मनमाड हा १८७८ सालचा लोहमार्ग पश्चिमेकडून राहुरी आणि बेलापूर या स्थानकांवरून निघून जातो, आणि शनिदेवाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू कोठल्या तरी दूरच्या स्थानकावर उतरून उरलेली वाट मोटारीने कापतो. ज्या गावाने रूळ पाहिले नाहीत त्या गावात रुळांचा छंद कोणी का जोपासावा, असे विचारणारे भेटतात. त्यांना मी एवढेच सांगतो की माझे आजोळ बार्शीकडचे, आणि बालपणीची प्रत्येक मोठी सुट्टी माझ्यापुरती कुर्डुवाडीच्या फलाटावर, रुंद गाडीतून उतरून अरुंद गाडीत बसण्याच्या त्या क्षणी सुरू होत असे. त्या वयात मोठ्या गाडीचे भय वाटे आणि लहान गाडीचा लोभ वाटे. ती शेताच्या बांधाशी जणू ओळख असल्याप्रमाणे जवळून जाई, आणि तिच्या खिडकीतून दिसणारी माणसे चेहऱ्यांसह दिसत.

मोठेपणी त्या लोभाला अभ्यासाची जोड मिळाली, तेव्हा बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप याची ओळख झाली. हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या चाकरीत इकडे आला, आणि येथील अंतर्भागाला हलक्या मार्गांची किती निकड आहे हे पाहून त्या एका विचाराने त्याला झपाटले. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली, लीड्सजवळच्या न्यूले येथे त्याने आपल्या योजनेची गाडी प्रत्यक्ष चालवून दाखविली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंतचा मार्ग रहदारीस खुला झाला. पुढे तो १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला; दोनशे दोन मैलांचा हा पसारा १ जानेवारी १९५४ रोजी सरकारच्या ताब्यात आला. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून हवाई छत्रीवर आपली बुद्धी आणि संपत्ती खर्चिली, आणि घोड्यांना मायेने शिकवावे असे सांगणारा ग्रंथ लिहिला, हे वाचल्यावर त्याच्या रुळांमागचे मनही मला काहीसे उलगडले.

कॅलथ्रॉपच्या विचारातील मर्म असे की त्याने सर्वप्रथम एक मर्यादा ठरविली आणि मग तिच्यातून सगळी रेल्वे निर्माण केली. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हा त्याचा नियम होता. एकदा हा नियम स्वीकारल्यावर वारभर लांबीला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले. रूळ हलके झाल्यावर पुलांचा आणि मोऱ्यांचा खर्च उतरला. आणि भार थोड्या आसांवर एकवटण्याऐवजी अनेक आसांवर सारखा वाटल्यामुळे त्याच हलक्या रुळांवरून चार आसांची वाघीण स्वतःच्या वजनासह वीस टनांपर्यंत जाऊ शकली. लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना चार जोडआसांवर आठ चाके आणि त्यांमागे आणखी चार लहान चाके होती, ती याच हिशेबाने. प्रत्येक अवयवाने आपल्या वाट्याचा भार तेवढा उचलावा आणि कोणीही जमिनीला जड होऊ नये, अशी ही रचना होती. मर्यादेतून सामर्थ्य कसे उपजते, याचे याहून स्वच्छ उदाहरण यंत्रांच्या जगात माझ्या पाहण्यात नाही.

घरात प्रतिकृती करू लागल्यावर हाच धडा मला दुसऱ्या बाजूने गिरवावा लागला. प्रतिकृतीचे जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्या प्रमाणात मिळणारे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील चार फूट साडेआठ इंची मार्ग सत्त्याऐंशी पटींनी लहान केला म्हणजे तो तितका होतो. आपला साडेपाच फुटांचा रुंद मार्ग त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरांवर जातो, आणि ते रूळ बाजारात मिळत नाहीत. म्हणून परदेशी रुळांवर उभी केलेली भारतीय मेलगाडी जाणत्या डोळ्याला नेहमी किंचित आखडलेली दिसते. आपला अरुंद मार्ग मात्र दोन फूट सहा इंचांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचा. सत्त्याऐंशीने भागता पावणेनऊ मिलिमीटर. आणि जगभर विकले जाणारे अतिलघु प्रतिकृतींचे रूळ बरोबर नऊ मिलिमीटरांचे. पाव मिलिमीटराचा हा फरक कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. आपल्या देशातील जे रूळ सर्वांत उपेक्षित राहिले, तेच टेबलावर सर्वांत प्रामाणिकपणे उतरतात, हे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला जो आनंद झाला त्याची तुलना मी कशाशीही करणार नाही.

अर्थात नऊ मिलिमीटरांचे रूळ अंथरले की काम संपले, असे होत नाही. ते तयार रूळ ज्या अतिलघु प्रतिकृतींसाठी घडविलेले असतात त्यांचे स्लीपर फार बारीक आणि फार दाट असतात. बार्शीच्या मार्गावरचे स्लीपर त्या मानाने जाड आणि विरळ दिसायला हवेत, म्हणून तयार स्लीपर कापून टाकून लाकडाच्या बारीक पट्ट्या एकेक करून रुळांखाली सरकवाव्या लागतात. रुळाची उंची हाही असाच विषय आहे. तीस पौंडी रूळ प्रत्यक्षात तीन इंचांच्या आसपास उंच. टेबलावर त्याने एक मिलिमीटरही गाठता कामा नये, आणि तो जर जाड दिसला तर सगळ्या देखाव्यातली हलकेपणाची नजाकत नाहीशी होते. इंजिन तयार मिळत नाही. नऊ मिलिमीटरांच्या मार्गावर चालणारे एखादे परदेशी यंत्र घेऊन, जुन्या छायाचित्रांवरून मापे काढून, त्यावर पितळी पत्र्याचे कवच डाख लावून बसवावे लागते.

माझी फळी दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. या दहा फुटांत प्रत्यक्षातली जागा अवघी दोनशे पासष्ट मीटर मावते; बार्शी लाइटचा सगळा मार्ग याच प्रमाणात मांडायचा म्हटले तर सुमारे पावणेचार किलोमीटर फळी लागेल, आणि ती माझ्या ओसरीवरून निघून सोनईच्या वाटेला लागेल. म्हणून मी एकच कल्पित स्थानक निवडले: एक फलाट, एक बगलेचा रूळ, मालाची एक लहान वखार, पाण्याची टाकी, ओढ्यावरची मोरी, आणि निंबाच्या झाडामागे वळून दिसेनासा होणारा मार्ग. शंभर मीटर त्रिज्येचे वळण टेबलावर सव्वा मीटरच्या आसपास जागा मागते. ती नसल्यामुळे वळण झाडाआड आणि टेकाडाआड ठेवावे लागते. वेगाचेही तसेच. ताशी वीस मैलांनी जाणारी गाडी या प्रमाणात सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे माझी फळी ओलांडायला तिला अर्धे मिनिट लागते. लहान मुलांच्या चावीच्या गाडीप्रमाणे ती सुसाट सुटली तर सारे खोटे होते. विजेचा दाब बोटाच्या नाजूक हालचालीने इतका कमी ठेवावा लागतो की इंजिनाने प्रत्येक सांध्यावरून विचारपूर्वक जावे.

भूमी मात्र मी बाहेरून काहीच आणीत नाही. नेवासे तालुक्याची काळी माती तव्यावर भाजून, मलमलीतून चाळून शेतांना वापरतो. मुळेच्या पात्रातली बारीक वाळू चहाच्या गाळणीतून काढून खडी म्हणून पसरतो. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीतून झुडपे होतात आणि शिंदीच्या केरसुणीच्या तंतूंतून ऊस उभा राहतो. बार्शीकडची माती आणि आमची माती या दोन्ही एकाच दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या लेकी असल्यामुळे रंगात तडजोड करावी लागत नाही.

आता शिंगणापूरच्या घराविषयी सांगितले पाहिजे, कारण या छंदाला येथे जे रूप आले ते अन्यत्र आले नसते. आमच्या गावात घरांना चौकटी आहेत, कवाडे नाहीत. उघड्या चौथऱ्यावर, कोणत्याही छताविना उभ्या असलेल्या शनिदेवाच्या काळ्या शिळेचा हा मुलूख. येथे चोरी करणाऱ्याला देव स्वतः शासन करतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, आणि कुत्री-मांजरे शिरू नयेत म्हणून दारात टेकविलेली एखादी फळी किंवा आडोशाचा पडदा याखेरीज दुसरा बंदोबस्त कोणी करीत नसे. २०११ मध्ये युको बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली. २०१५ मध्ये पोलीस ठाणेही झाले. काळाबरोबर गाव बदलते आहे. तरीही ज्या घरात माझे बालपण गेले आणि आता वार्धक्य जात आहे, त्या घराचा उंबरा सर्वांना खुला आहे, आणि रुळांची फळी त्या उंबऱ्यापासून चार पावलांवर आहे.

दार नसलेल्या घरात पहिला पाहुणा येतो तो फुफाटा. रुळांतून चाकांकडे जाणारा वीजप्रवाह धुळीच्या केसाएवढ्या थराने खंडित होतो, आणि चैत्र-वैशाखात हा थर रोज बसतो. म्हणून रोज सकाळी स्पिरिटात भिजविलेल्या फडक्याने रूळ पुसणे हा शिरस्ता पडला. खऱ्या मार्गावर गँगमधला कीमन हातोडा घेऊन आपल्या हद्दीतील रूळ रोज पायी तपाशीत जातो, ते काम मी दहा फुटांत करतो. उष्म्याचीही तरतूद ठेवावी लागते: दहा फूट लांबीच्या धातूच्या रुळांत पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत दीड मिलिमीटराच्या आसपास वाढ होते, आणि सांध्यांत तितकी मोकळीक ठेवली नाही तर मार्ग वाकतो. बंद, थंड खोलीतल्या प्रतिकृतीला ऋतू कळत नाहीत. माझ्या मार्गाला ते सगळे कळतात, आणि त्यामुळे तो मला अधिक खरा वाटतो.

दुसरे पाहुणे म्हणजे माणसे. शनिवारी आणि विशेषतः शनी अमावास्येला गाव यात्रेकरूंनी भरून जाते, आणि कवाड नसलेल्या घरातली चिमुकली गाडी पाहून काही जण उंबऱ्यावर थबकतात. एकदा पंढरपूरकडची एक वृद्ध माउली बराच वेळ निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, “दादा, ही तर आपली बार्शीची गाडी. आषाढीला डबे पुरायचे नाहीत, मालाच्या वाघिणीत बसून जायचो आम्ही. सासूबाई अभंग म्हणायच्या, आम्ही दार धरून उभ्या.” तिच्या त्या चार वाक्यांनंतर मी फलाटावरच्या वाघिणींची दारे उघडी केली आणि त्यांत नऊवारीतल्या बायका उभ्या केल्या, प्रत्येकीची उंची वीस मिलिमीटरांच्या आत.

शेजारचे एक तात्या नित्य येतात. त्यांची उमेद साखर कारखान्याच्या शेतांवर गेली. आमच्या जिल्ह्यात श्रीरामपूरच्या परिसरात, हरेगावला आणि टिळकनगरला, प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या उसाच्या शेतांतून अरुंद रूळ पसरलेले होते. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या त्या जमिनी सरकारकडे आल्या, १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, आणि ट्रॅक्टर व मालमोटारींच्या जमान्यात ते रूळ ओसरले. तात्या माझ्या फळीजवळ बसून सांगतात, “गुरुजी, फड तुटला की रूळ उचलायचा. लोखंडी स्लीपरसकट अख्खी लांबी चार गड्यांनी खांद्यावर घ्यायची अन् दुसऱ्या फडात नेऊन टाकायची.” मार्ग स्वतःच शेतामागून चालत जातो, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथापेक्षा तात्यांच्या खांद्याने मला अधिक चांगली शिकविली, आणि फळीच्या एका टोकाला उसाच्या फडात असे उचलते रूळ आता मांडून ठेवले आहेत.

पुण्यात कोथरुडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघु रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले, आणि एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासाने केवढे नगर उभे राहू शकते हे मी तेथे जाऊन पाहिले आहे. दिवे मावळतात, रस्त्यांवरचे खांब उजळतात, एकाच वेळी कित्येक गाड्या आपापल्या मार्गांनी धावतात, आणि लहान मुलांइतकीच मोठी माणसे श्वास रोखून बघत राहतात. त्या संग्रहालयापुढे मी नतमस्तक आहे; भारतात या छंदाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय जोशींना दिल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. माझा मार्ग खेड्यातला. त्याला नगराचे वैभव नको. त्याच्या स्थानकात दिवसातून एखादीच गाडी यावी आणि तिची वाट पाहणारी माणसे तिच्याहून महत्त्वाची असावीत, एवढीच माझी आकांक्षा आहे.

माझे इंजिन पितळेचे, महिनोन्‌महिने झिजून केलेले. रात्री ते उघड्या घरात, कवाड नसलेल्या चौकटीपासून चार पावलांवर, फक्त धुवट धोतराच्या पांघरुणाखाली असते. आजवर त्याला कोणी हात लावलेला नाही. शेजारची पोरे येतात, हात पाठीमागे बांधून उभी राहतात आणि “आजोबा, चालवू का?” असे विचारल्याखेरीज बोट पुढे करीत नाहीत. याला भय म्हणणारे म्हणोत. मी त्यात आणखी काही पाहतो. कुलूप ही मर्यादा माणसाबाहेर असते आणि ती तोडता येते. येथे मर्यादा ज्याने त्याने स्वतःत वागविलेली आहे, आणि म्हणूनच उंबरा मोकळा राहू शकतो. कॅलथ्रॉपने प्रत्येक आसाला पाच टनांची हद्द घातली तेव्हा त्यानेही हेच साधले होते: प्रत्येकाने आपला भार आपण आवरला, म्हणून हलक्या रुळांवरून इतक्यांना जाता आले. जिथे कोणी आवरत नाही तिथे भक्कम रूळ लागतात, भक्कम कवाडे लागतात, आणि त्या भक्कमपणाचा खर्च शेवटी दुबळ्याच्या माथी बसतो.

अरुंद मार्ग गेले याची तक्रार मी करीत नाही. कुर्डुवाडीला रुंद गाडीतला माल उतरवून अरुंद गाडीत चढविण्यात हमालांच्या पाठी मोडत आणि व्यापाऱ्याचा वेळ जाई. चालू शतकाच्या पहिल्या दशकात मिरज-लातूर मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, आणि आज लातूरचा माणूस गाडी न बदलता मुंबईस जातो, हे हिताचेच झाले. नेरळहून माथेरानला १९०७ मध्ये गेलेली दोन फुटांची गाडी डोंगराची शोभा म्हणून टिकली. वऱ्हाडातला कापूस वाहणारी शकुंतला आणि खानदेशातली पाचोरा-जामनेरची गाडी यांचे रूळ अबोल झाले. पण मार्ग रुंद झाला म्हणून ज्या विचाराने तो अरुंद बांधला गेला होता तो विचार कालबाह्य होत नाही. गरजेइतकेच बांधावे, जमिनीला सोसेल तेवढेच वजन टाकावे, आणि जेथवर मोठे पोहोचत नाही तेथवर लहान होऊन पोहोचावे, हा व्यवहार पाणी, शाळा, दवाखाना, रस्ता या सर्वांना आजही लागू आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती विशेषेकरून आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आणि बार्शी, पंढरपूर, लातूरकडील शिक्षकांना आहे. ज्यांनी उसाचे रूळ खांद्यावर वाहिले, ज्यांनी वाघिणीच्या दारात उभे राहून आषाढी केली, ती माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे मुलांना वही आणि मोजपट्टी देऊन पाठवावे. रूळ किती उंच होता, स्लीपर किती अंतरावर होते, स्थानकाच्या छपराला कोणता पत्रा होता, गाडी सुटताना कोण काय ओरडे, हे सारे मुलांनी लिहून घ्यावे आणि शाळेच्या एखाद्या वर्गात दहा फुटांची फळी मांडून ते उभे करावे. त्यातून मुलाला भागाकार येईल, डाख लावता येईल, विजेचा प्रवाह कळेल. आणि आपल्या आजीने कोणत्या मार्गाने जग पाहिले हे त्याला स्वतःच्या हातांनी कळेल. एवढे झाले तर अडीच फुटांच्या त्या मुलुखाचे ऋण आपण काही अंशी फेडले, असे मी मानीन.